लखनौचा शकरखोरा: एका प्रजातीचे वर्गीकरण आणि नामकरण

हमिंगबर्ड हे पक्षी फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आणि त्यांच्या आसपासच्या बेटांवर राहतात. अलास्कापासून थेट टिएरा देल फ्यूगोपर्यंत त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती पसरल्या आहेत, पण त्यांपैकी एकही जाती महासागर ओलांडून भारतात आलेली नाही. तरीही लखनौत बनारसी बागेतल्या प्राणिसंग्रहालयात, सिकंदर बागेजवळच्या वनस्पती उद्यानात किंवा रेसिडेन्सीच्या पडक्या भिंतींलगतच्या झाडांवर एक चिमुकला, झळाळता पक्षी फुलाफुलांवर फिरताना दिसला की ‘हमिंगबर्ड आला’ असे हमखास ऐकू येते. एकोणिसाव्या शतकात भारतात राहणारे इंग्रजही त्याला हेच म्हणत. तो पक्षी म्हणजे जांभळा सूर्यपक्षी. मराठीत त्याला शिंजीर म्हणतात, अवधच्या मुलखात शकरखोरा. त्याचे आजचे शास्त्रीय नाव सिनिरिस एशियाटिकस असे आहे.

या नावातला दुसरा शब्द १७९० पासून टिकून आहे. व्याकरणाच्या गरजेपुरता त्याचा शेवट तेवढा बदलत आला. पहिला शब्द मात्र या काळात पुन्हा पुन्हा बदलला. सर्थिया, अराक्नेक्थ्रा, सिनिरिस, नेक्टारिनिया आणि परत सिनिरिस अशी त्याची वाटचाल आहे. पक्षी तोच, त्याची फुले तीच, मग नावाचा अर्धा भाग स्थिर आणि अर्धा अस्थिर का, या प्रश्नाच्या उत्तरात प्राण्यांच्या वर्गीकरणाची आणि नामकरणाची जवळजवळ सारी तत्त्वे येऊन जातात. लखनौचा हा पक्षी त्या तत्त्वांचा अतिशय चांगला शिक्षक आहे.

प्रथम खुद्द पक्ष्याकडे पाहिले पाहिजे. त्याची लांबी सुमारे १० सेंटिमीटर असते. चोच बारीक, लांब आणि खाली वळलेली. विणीच्या हंगामात नर लांबून काळाच दिसतो, पण ऊन पडले की त्याच्यावर निळ्या, जांभळ्या आणि हिरवट छटा उमटतात. पंखांच्या मुळाशी, छातीच्या दोन्ही बाजूंना नारिंगी-पिवळ्या पिसांचे छोटे झुबके असतात, ते मादीपुढे पंख उभारतानाच नीट दिसतात. मादी वरून तपकिरी-हिरवट आणि खालून फिकट पिवळी असते. वीण संपली की नराचा झगमगाट ओसरतो. तो मादीसारखाच पिवळट होतो आणि हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळपट पट्टा तेवढा उरतो. वसंतात काटेसावर, पळस आणि कांचन फुलतात तेव्हा लखनौत त्याची लगबग सर्वांत जास्त असते. मलिहाबादकडच्या आमराईत आंब्याच्या फांद्यांवर बांडगूळ वाढते, त्याची नळीसारखी फुले तर जणू याच्या चोचीसाठीच घडलेली आहेत. घरटे मादी बांधते. गवत, साल आणि पाने कोळ्याच्या जाळ्याने जोडून तयार केलेली ती एक लोंबती पिशवी असते आणि तिच्या दाराशी छोटेसे छपरू असते.

हमिंगबर्डशी असलेले याचे साम्य खरे आहे, फक्त ते नात्यातून आलेले नाही. सूर्यपक्षी हे चिमण्या, बुलबुल आणि कावळे ज्या विशाल गणात मोडतात त्या गणातले आहेत. तीन बोटे पुढे आणि एक मागे अशी घट्ट पकड असलेला पाय ही या गणाची ओळख. हमिंगबर्डचे जवळचे आप्त म्हणजे पाकोळ्या. दोघांचेही पाय अगदी दुबळे असतात, आणि उडण्याच्या स्नायूंच्या व पंखांच्या हाडांच्या रचनेतही त्यांचे नाते स्पष्ट दिसते. हमिंगबर्ड खांद्यातून पंख असा फिरवतो की पंख पुढे जाताना आणि मागे येताना, दोन्ही वेळा त्याला उचल मिळते. म्हणून तो फुलासमोर हवेत स्थिर राहू शकतो, मागेही उडू शकतो. शकरखोरा क्षणभर तसे करून पाहतो, पण त्याची नित्याची रीत म्हणजे देठावर बसून, वेळप्रसंगी उलटे लटकून, चोच फुलात घालणे.

सर्वांत बोलका पुरावा पिसांत आहे. दोघांचीही झळाळी रंगद्रव्याची नाही. पिसांच्या सूक्ष्म तंतूंत मेलॅनिनच्या चपट्या कणांचे थर रचलेले असतात, त्यांवर पडलेला प्रकाश परावर्तित होताना काही रंग वाढतात आणि काही मावळतात. मात्र हमिंगबर्डमध्ये हे कण आतून पोकळ, हवेने भरलेले असतात, तर सूर्यपक्ष्यांत ते भरीव असतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन झळाळ्या आतून निराळ्या पद्धतीने घडल्या आहेत. फुलातला मध हे अन्न ठरले की लांब चोच, लांब जीभ आणि लहान शरीर उपयोगी पडते, आणि त्यामुळे एकमेकांशी संबंध नसलेले वंशही सारख्या रूपाकडे येऊन पोचतात. याला समाभिसारी उत्क्रांती म्हणतात. जुन्या जगात हमिंगबर्डचे पूर्वज कधीच नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही. जर्मनीत सापडलेल्या सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्माचे वर्णन गेराल्ड मायर यांनी २००४ मध्ये केले आणि त्याला युरोट्रोकिलस इनेक्स्पेक्टॅटस, म्हणजे अनपेक्षित युरोपी हमिंगबर्ड, असे नाव दिले. तो वंश युरोपातून नाहीसा झाला. आशिया-आफ्रिकेतल्या फुलांवर आज जे दिसतात ते निराळ्याच घराण्यातून आलेले पक्षी आहेत.

पुढचे विवेचन समजण्यासाठी वर्गीकरणाच्या पायऱ्या ध्यानात ठेवाव्या लागतात. एकमेकांत वीण करणाऱ्या, सारख्या पक्ष्यांचा समूह म्हणजे जाती. जवळच्या नात्यातल्या जाती मिळून प्रजाती होते, प्रजाती मिळून कुल आणि कुले मिळून गण. वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास जातीच्या अर्थाने येतो. जीवशास्त्राच्या मराठी परिभाषेत तो वरच्या पायरीचा आहे आणि येथे त्याच अर्थाने वापरला आहे. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. शकरखोऱ्याचे कुल नेक्टारिनिडी. त्यात सुमारे १५० जाती असून त्या आफ्रिकेपासून दक्षिण आशियामार्गे थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत पसरल्या आहेत. लांब चोचीचे कोळीखाऊ याच कुलात येतात, आणि फुलटोच्यांचे कुल त्यांच्या शेजारचे मानले जाते.

हे शेजार निसर्गातही दिसते. सालिम अली यांनी कोकणातल्या निरीक्षणांवरून १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. आंब्यासारख्या झाडांवरच्या बांडगुळाचा संसार पक्ष्यांच्या दोन गटांवर कसा चालतो, हे त्यात मांडले होते: सूर्यपक्षी त्याच्या फुलांचे परागण करतात आणि फुलटोचे त्याची फळे खाऊन चिकट बिया दुसऱ्या फांद्यांवर पोचवतात. लखनौच्या आमराईतही बांडगुळाचा व्यवहार असाच चालतो. आमराईच्या मालकाला तो नको असतो, पण दोन जवळच्या कुलांनी एकाच वनस्पतीभोवती वाटून घेतलेले हे काम पक्षिशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचे उदाहरण आहे.

आता नावाच्या इतिहासाकडे वळता येईल. कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये प्राण्यांच्या द्विनाम पद्धतीचा पाया घातला, तेव्हा हमिंगबर्डसाठी ट्रोकिलस ही प्रजाती केली. सूर्यपक्ष्यांना मात्र त्यांनी सर्थिया या प्रजातीत टाकले. सर्थिया म्हणजे युरोपातले, झाडाच्या खोडावर चढत किडे वेचणारे तपकिरी पक्षी. वाकडी बारीक चोच एवढाच त्यांच्यातला आणि सूर्यपक्ष्यांतला दुवा. दक्षिण भारतात व श्रीलंकेत आढळणारा पंचरंगी सूर्यपक्षी १७६६ मध्ये सर्थिया झेलोनिका झाला, आणि लांब चोचीचा दुसरा एक सूर्यपक्षी श्रीलंकेचे डच गव्हर्नर योआन गिडेऑन लोटेन यांच्या नावावरून सर्थिया लोटेनिया. लिनियस यांना दोष देण्याचे कारण नाही. हाती येत ते वाळलेले कातडे किंवा चित्र, पक्षी कसा वागतो याची माहिती जवळजवळ शून्य. अशा वेळी चोच पाहूनच निर्णय घ्यावा लागे.

त्या काळी चमक हीसुद्धा वर्गीकरणाची खूण वाटे. पॅरिसमध्ये १८०२ च्या सुमारास ओदबेअर आणि व्हिएयो यांचा सोनेरी पक्ष्यांवरचा भव्य ग्रंथ पूर्ण झाला. त्यात हमिंगबर्ड, सूर्यपक्षी आणि न्यू गिनीचे स्वर्गपक्षी हे सारे झळाळीच्या धाग्याने एकत्र गुंफले होते. ग्रंथ देखणा आहे. नाते ओळखायला तो निरुपयोगी आहे.

शकरखोऱ्याला नाव दिले ते इंग्लंडमधले वैद्य जॉन लॅथम यांनी. लॅथम भारतात कधी आले नाहीत. त्यांनी १७८० च्या दशकात पक्ष्यांचा मोठा आढावा ग्रंथ लिहिला, पण त्यात केवळ इंग्रजी नावे दिली. त्यामुळे त्यांनी वर्णन केलेल्या अनेक पक्ष्यांना लॅटिन नावे देण्याचे श्रेय योहान फ्रिडरिश ग्मेलिन यांच्याकडे गेले. मग १७९० मध्ये लॅथम यांनी स्वतःचा लॅटिन नामकोश प्रसिद्ध केला आणि त्यात हा पक्षी सर्थिया एशियाटिका म्हणून नोंदला. मूळ ठिकाण ‘भारत’ इतकेच मोघम होते. पुढच्या पक्षितज्ज्ञांनी ते दिल्लीच्या दक्षिणेकडील गुडगाव असे निश्चित केले. मराठी वाचकाला लॅथम दुसऱ्या एका नावामुळेही जवळचे वाटावेत: डोक्यावर पिवळी छटा असलेल्या सुतार पक्ष्याला त्यांनी १८०१ मध्ये दिलेले ‘महरट्टेन्सिस’ हे जातिनाम मराठी मुलखावरून आले आणि ते आजही चालू आहे.

लॅथम इंग्लंडमध्ये कातडी आणि चित्रे पाहून नावे देत होते, त्याच सुमाराला लखनौत फ्रेंच सेनाधिकारी क्लॉड मार्टिन स्थानिक चित्रकारांकडून पक्षी, प्राणी आणि वनस्पतींची शेकडो चित्रे काढून घेत होता. मोगल कलमाची तालीम घेतलेले हे चित्रकार युरोपी कागदावर पिसापिसाचा रंग जिवंत करीत. त्यांची नावे बहुतेक हरवली. शास्त्राच्या इतिहासात नाव देणाऱ्याचे नाव कायम राहते, पाहणाऱ्याचे आणि रंगवणाऱ्याचे राहत नाही, ही या विद्येतली एक जुनी उणीव आहे.

सर्थिया ही मोट फार काळ टिकणे शक्य नव्हते. बर्लिनचे योहान कार्ल विल्हेल्म इलिगर यांनी १८११ मध्ये मधावरून नेक्टारिनिया ही प्रजाती स्थापली. जॉर्ज क्युव्हिए यांनी पॅरिसमध्ये सिनिरिस ही प्रजाती सुचवली; हेसिकिअसच्या ग्रीक कोशात नोंदलेल्या कुठल्याशा लहान पक्ष्याच्या नावावरून तो शब्द घेतला होता. क्युव्हिए यांच्या ग्रंथावर १८१७ हे साल छापलेले आहे, पण तो १८१६ च्या अखेरीसच बाजारात आला होता, म्हणून आजच्या याद्या १८१६ लिहितात. एका वर्षाचा हा फरक क्षुल्लक वाटेल. नामकरणात मात्र आधी कोण आणि नंतर कोण यावरच पुष्कळसे अवलंबून असते, आणि पक्ष्यांच्या नावांची जबाबदारी घेणारे अभ्यासक जुन्या ग्रंथांच्या छपाईच्या तारखा शोधण्यात वर्षे घालवतात ती याचसाठी.

जर्मन पक्षितज्ज्ञ जाँ काबानिस यांनी १८५०-५१ मध्ये हाइने यांच्या संग्रहाची सूची करताना आणखी बारीक विभागणी केली. इथोपायगा, लेप्टोकोमा आणि अराक्नेक्थ्रा ही नावे त्यातूनच आली. शेवटच्या शब्दाचा अर्थ कोळ्यांचा वैरी. टी. सी. जर्डन यांनी १८६२ मध्ये भारतीय पक्ष्यांवरच्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात शकरखोरा अराक्नेक्थ्रा एशियाटिका या नावाने दिला, आणि पुढची काही दशके भारतात हेच नाव रूढ राहिले. युजीन ओट्स यांनी १८९० मध्येही तेच वापरले. मधल्या काळात, १८७६ ते १८८० दरम्यान, जॉर्ज अर्नेस्ट शेली यांनी सूर्यपक्ष्यांच्या कुलावरचा पहिला मोठा प्रबंधग्रंथ कॉयलमान्स यांच्या चित्रांसह प्रसिद्ध केला होता.

लखनौची पक्षिसूची याच काळातली आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी चालवलेल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकाच्या दहाव्या खंडात जॉर्ज रीड यांनी लखनौ विभागातल्या पक्ष्यांवर विस्तृत लेख लिहिला. लखनौतल्या प्रांतिक संग्रहालयातल्या पक्ष्यांची सूचीही त्यांनीच केली आणि ती १८९० मध्ये छापली गेली. हे संग्रहालय १८६३ मध्ये सुरू झाले, १८८३ मध्ये त्याला प्रांतिक दर्जा मिळाला आणि आज ते राज्य संग्रहालय म्हणून बनारसी बागेत आहे. पुढे १९०२-०३ मध्ये विल्यम जेसी यांनी ‘आयबिस’ या नियतकालिकात लखनौच्या पक्ष्यांची लेखमाला लिहिली. एकाच शहराच्या परिसराचे इतके नेटके दस्तऐवज त्या काळात फार थोड्या भारतीय शहरांच्या वाट्याला आले. गोमतीकाठचा हा मुलूख पक्षिशास्त्रात दुर्लक्षित नव्हता, हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण लखनौ म्हटले की नवाबी, चिकन आणि दशहरी यांच्यापुढे आठवण जात नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास वारे उलटे फिरले. दिसेल त्या फरकाला वेगळी प्रजाती करण्याच्या सवयीने एकेका जातीसाठी एकेक प्रजाती अशी स्थिती येऊ लागली होती. झाँ देलाकूर यांनी १९४४ मध्ये न्यूयॉर्कहून प्रसिद्ध केलेल्या पुनरावलोकनात सूर्यपक्ष्यांचे सारे कुल केवळ पाच प्रजातींत बसवले. सिनिरिस, लेप्टोकोमा आणि आफ्रिकेतली कितीतरी नावे नेक्टारिनिया या एकाच छत्राखाली गेली. ऑस्टिन रँड यांनी १९६७ मध्ये जगातल्या पक्ष्यांच्या प्रमाणसूचीत हेच वळण ठेवले. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्या दहा खंडांच्या हस्तपुस्तिकेतही, १९७४ च्या शेवटच्या खंडात, शकरखोरा नेक्टारिनिया एशियाटिका म्हणूनच भेटतो. भारतातल्या पक्षिनिरीक्षकांची एक अख्खी पिढी या नावावर वाढली.

अनेक प्रजाती एकत्र केल्यावर नेक्टारिनिया हेच नाव का उरले, सिनिरिस का नाही? येथे अग्रक्रमाचा नियम लागतो. एकाच समूहाला दोन वैध नावे असतील तर जुने नाव राहते. १८११ हे १८१६ च्या आधी येते, एवढेच कारण. कोणते नाव अधिक अर्थपूर्ण किंवा गोड आहे याला नियमात स्थान नाही, आणि ते नाही हेच बरे, नाहीतर प्रत्येक देशाने आपल्या आवडीचे नाव पुढे केले असते.

त्याहून महत्त्वाची कल्पना म्हणजे नामधारक प्रकार. प्रत्येक जातिनाम एखाद्या प्रत्यक्ष नमुन्याला बांधलेले असते आणि प्रत्येक प्रजातिनाम एखाद्या विशिष्ट जातीला. त्या जातीला प्रकार-जाती म्हणतात. नेक्टारिनियाची प्रकार-जाती म्हणजे आफ्रिकेतला लांब शेपटीचा, मोरचुदी हिरव्या रंगाचा सूर्यपक्षी, ज्याला लिनियस यांनी १७६६ मध्ये नाव दिले. सिनिरिसची प्रकार-जाती पश्चिम आफ्रिकेतली आहे. प्रजातीच्या सीमा कितीही ताणल्या वा आवळल्या तरी नाव आपल्या प्रकार-जातीला सोडत नाही. याचा परिणाम असा, की लखनौच्या बागेतल्या पक्ष्याचे पहिले नाव काय असावे हा प्रश्न आफ्रिकेतल्या दोन पक्ष्यांपैकी तो कोणाच्या अधिक जवळचा आहे, या प्रश्नावर येऊन थांबतो. जातिनामाचे तसे नाही. एशियाटिकस हा शब्द याच पक्ष्याला बांधला आहे, म्हणून तो दोन शतके हललेला नाही. प्रजातिनाम हे नात्याविषयीचे मत सांगते, आणि पुरावा बदलला की मत बदलणे हा शास्त्राचा धर्म आहे. नावे सारखी बदलतात म्हणून पक्षिनिरीक्षक वैतागतात ते समजण्यासारखे आहे, पण न बदलणारे प्रजातिनाम हवे असेल तर नवा पुरावा पाहायचाच नाही असे ठरवावे लागेल.

मायकेल स्टुअर्ट अर्विन यांनी १९९९ मध्ये आफ्रिकेच्या दृष्टिकोनातून नेक्टारिनियाची फेरतपासणी केली आणि देलाकूर यांची मोट सोडवली. मूळ नेक्टारिनियात थोड्याच जाती राहिल्या. सिनिरिस पुन्हा उभी राहिली आणि कुलातली सर्वांत मोठी प्रजाती ठरली; आज तिच्यात पन्नासहून अधिक जाती मोडतात आणि त्यांतल्या बहुसंख्य आफ्रिकेत राहतात. २००१ मध्ये आलेल्या चीक, मान आणि ॲलन यांच्या मार्गदर्शिकेने हे वर्गीकरण जगभर पोचवले. भारतात २००५ मध्ये पामेला रासमुसेन आणि जॉन अँडर्टन यांच्या ग्रंथानंतर सिनिरिस एशियाटिकस हे नाव रुळले. पंचरंगी सूर्यपक्षी लेप्टोकोमात गेला, लोटेन यांच्या नावाचा सिनिरिसमध्ये राहिला.

एशियाटिका आणि एशियाटिकस यांतला फरक लिंगाचा आहे. जातिनाम विशेषण असेल तर त्याचे लिंग प्रजातिनामाप्रमाणे चालते. नेक्टारिनिया स्त्रीलिंगी, म्हणून एशियाटिका. सिनिरिस आता पुल्लिंगी धरतात, म्हणून एशियाटिकस. जुन्या काही पुस्तकांत सिनिरिस एशियाटिका असेही आढळते, कारण तेव्हा या शब्दाच्या लिंगाबद्दल एकमत नव्हते. ‘सिनिरिस एशियाटिकस (लॅथम, १७९०)’ असे लिहिताना लॅथम यांचे नाव कंसात घालतात तेही सहेतुक आहे: जातीला नाव त्यांनी दिले, पण तेव्हा ती दुसऱ्या प्रजातीत होती, एवढे त्या कंसावरून कळते. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती २००० च्या आरंभापासून लागू आहे आणि ही सारी शिस्त तिच्यात घालून दिलेली आहे.

सह्याद्रीतला एक सूर्यपक्षी याच शिस्तीची दुसरी बाजू दाखवतो. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यात लाल पाठीच्या एका सूर्यपक्ष्याला त्यांनी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीचे पहिले सचिव निकोलस व्हिगर्स यांचे नाव दिले. तो आज इथोपायगा व्हिगर्सी या नावाने ओळखला जातो. विसाव्या शतकात बराच काळ त्याला हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या लाल सूर्यपक्ष्याची केवळ उपजाती समजत. रासमुसेन आणि अँडर्टन यांनी त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा परत दिला. येथे प्रजातीवर वाद नव्हता, जातीच्या सीमेवर होता. हा पक्षी फक्त पश्चिम घाटाच्या परिसरात राहतो. म्हणून जातीचा दर्जा मिळताच त्याच्या अधिवासाकडे, रानाच्या तोडीकडे आणि संरक्षणाच्या याद्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. वर्गीकरण हे संग्रहालयाच्या कपाटापुरते काम आहे, असा समज असलेल्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावे.

खुद्द हमिंगबर्डच्या कुलातही अलीकडे असाच फेरबदल झाला. ॲमॅझिलिया ही लेसन यांनी स्थापलेली प्रजाती दीर्घकाळ हिरव्या-तपकिरी हमिंगबर्डचे मोठे गाठोडे होऊन बसली होती. जिमी मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये डीएनएच्या आधारे २८४ जातींचा वंशवृक्ष मांडला, तेव्हा त्या गाठोड्यातल्या जाती एकमेकींच्या सख्ख्या नाहीत हे दिसले. गॅरी स्टाइल्स, व्हॅन रेमसेन आणि मॅग्वायर यांनी २०१७ मध्ये तिची वाटणी केली आणि सॉसेरोटियासारखी अडगळीत पडलेली नावे पुन्हा वापरात आणली. जांभळ्या माथ्याचा मेक्सिकन हमिंगबर्ड आणि त्याचे सोबती यांच्यासाठी ल्यूकोलिया हे जुने नाव निवडण्यात आले, पण त्या नावाची प्रकार-जाती तपासल्यावर ते या गटाला लागूच होत नाही असे निघाले. अखेर २०२१ मध्ये मरे ब्रूस आणि स्टाइल्स यांना रामोसोमाया हे नवे नाव घडवावे लागले. नवे नाव देणे हा शेवटचा उपाय. त्याआधी दीडदोन शतकांतली सारी पडून राहिलेली नावे उलगडून पाहावी लागतात. सिनिरिसच्या बाबतीत पुढे कधी आशियातल्या जाती वेगळ्या काढण्याची वेळ आलीच, तर काबानिस यांच्या अराक्नेक्थ्राचाही असाच विचार करावा लागेल.

जातीच्या खाली उपजातीची पायरी येते आणि शकरखोऱ्याच्या बाबतीत ती फारशी वादग्रस्त नाही. तीन उपजाती मानतात. पश्चिमेकडे, इराणपासून भारताच्या वायव्य भागापर्यंत, आखूड चोचीची ब्रेव्हिरोस्ट्रिस असते. तिचे वर्णन डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८७३ मध्ये केले. ईशान्य भारतापासून आग्नेय आशियाकडे इंटरमीडियस आढळते; तिला ह्यूम यांनी १८७० मध्ये नाव दिले. या दोहोंच्या मधला भारताचा बहुतांश भाग आणि श्रीलंका यांतले पक्षी नामधारक उपजातीत, म्हणजे सिनिरिस एशियाटिकस एशियाटिकसमध्ये, मोडतात. मूळ ठिकाण मानलेले गुडगाव लखनौपासून सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि दोन्ही ठिकाणे गंगा-यमुनेच्या एकाच सपाट मैदानी पट्ट्यात येतात. त्यामुळे लखनौचे पक्षी नामधारक उपजातीचेच आहेत. संग्रहालयातल्या जुन्या चिठ्ठ्यांवर अराक्नेक्थ्रा, १९७० च्या दशकातल्या पुस्तकांत नेक्टारिनिया आणि आजच्या याद्यांत सिनिरिस असे लिहिलेले आढळले, तरी ‘एशियाटिका’ किंवा ‘एशियाटिकस’ आणि लॅथम यांचे नाव पाहून त्या साऱ्या नोंदी एकाच पक्ष्याच्या म्हणून एकत्र लावता येतात.